ताईची माहिती, माझा नंबर

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्याचा सगळ्यात मोठा परिणाम माझ्या फोनवर झाला. गॅसचं बुकिंग, बाबांचा पीएफ, सिन्नरच्या काकांचा पीक विमा, मावशीच्या मुलाचा प्रवेश, सगळीकडे नंबर माझा दिलेला. कारण एकच, "तिला कळतं." मला खरं तर फार कळत नव्हतं. पण ओटीपी वाचून दाखवायला शिक्षण लागत नाही, आणि कुणी विश्वासाने विचारलं की बरं वाटतं. लेक्चर चालू असताना फोन थरथरायचा, आणि मी बाकाखाली मान घालून काकांना आकडे कळवायचे. मैत्रिणींना वाटायचं माझं कुठेतरी जमलंय.

आम्ही नाशिकजवळ एकलहऱ्याला राहतो. बाबा वीजकेंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर कंत्राटी कामगार आहेत. आई दोरीवरचे कपडे आधी झटकते आणि मगच घड्या घालते, कारण त्यांवर राख बसलेली असते. माझ्याहून मोठी ताई आयटीआय करून अंबडच्या एका कारखान्यात लागली. तयार झालेले सुटे भाग मापात आहेत का, हे तपासायचं तिचं काम, कधी रात्रपाळीतही. मी कायद्याला जावं हा हट्ट तिचा. बाबा म्हणाले होते, "वकील होऊन काय करणार हाय ती?" ताई म्हणाली, "भांडण तर आपण असंही करतो. आता नियमाने करू."

ताईचं एकदा लग्न ठरलं होतं. मुलाकडच्यांनी पत्रिका छापायच्या वेळी सांगितलं, की मुलगी नोकरी सोडेल असं आम्ही धरून चाललो आहोत. ताईने विचारलं, "कुणाला विचारून धरलं?" आणि लग्न मोडलं. घरात त्याबद्दल कुणी तिला बोललं नाही, पण आईने बरेच दिवस शेजारणींकडे जाणं कमी केलं होतं.

काही काळाने ताईच म्हणाली, आता बघायला हरकत नाही. मग लग्नं जुळवणाऱ्या एका कंपनीच्या ॲपवर तिचं नाव नोंदवलं. अर्ज अर्थातच मी भरला. नंबर माझा, ईमेल माझा, आणि ईमेल माझा म्हणून खातेदार म्हणूनही नाव माझं. पुढे ताईचा फोटो, शिक्षण, जन्मवेळ. कंपनीच्या एका समुपदेशक बाईंनी ताईची फोनवर मुलाखत घेतली. हे आमच्यातच राहील असं त्या म्हणाल्या, म्हणून ताईने त्यांना मोडलेल्या लग्नाचंही सांगितलं.

त्यातूनच ओझरचं एक स्थळ आलं. मुलगा आयटीआयमध्ये शिकवतो. ताई त्याच्याशी फोनवर दोनदा बोलली आणि दोन्ही वेळा हसत परत आली. पुढच्या रविवारी ती मंडळी आमच्याकडे यायची होती.

त्या आठवड्यात माझा फोन वेड लागल्यासारखा वाजायला लागला.

"नमस्कार. चांदवडहून बोलतोय, मुलाचा मामा. मुलगीच बोलतेय का?"

"हो. म्हणजे, मुलगी आहे, पण ती नाही."

"म्हणजे?"

"मी तिची बहीण."

"बरं, बरं. तुमचं झालंय का?"

"काय?"

"लग्न."

"नाही."

"मग दोघींची माहिती पाठवा की."

मी कॉलेजच्या जिन्यात उभी राहून "सॉरी, रेंज नाही" असं म्हणाले. रेंज उत्तम होती. थोड्या वेळाने एका बाईंचा फोन आला. त्यांना ताईची रात्रपाळी खटकली होती. "मंग सकाळचा चहा कोन करनार?" मला पटकन खोटं सुचत नाही. मी खरं ते सांगितलं, "सकाळचा चहा आमचे बाबा करतात." त्या म्हणाल्या, "आता बाबाला काय संगं पाठवणार हाय का?"

घरी आल्यावर हे सांगितलं तर ताई पोट धरून हसली. आम्हाला वाटलं, कंपनीने जोरात कामाला सुरुवात केली असेल.

मग एक वेगळाच फोन आला, तो आईने घेतला. पलीकडचा माणूस गंभीर आवाजात ताईची जन्मवेळ सांगत होता, मिनिटासकट. जन्मगाव, रास, नक्षत्र, सगळं. आईने फोन कानाला लावूनच एका हाताने पदर सावरला. तो म्हणाला, पत्रिकेत मोठा दोष आहे, लग्न म्हणूनच रखडतंय, शांत करावा लागेल, आणि सामग्रीसाठी आगाऊ पैसे पाठवा. ताईने आईच्या हातातून फोन घेतला.

"माझी पत्रिका तुमच्यापुढे आहे ना?"

"आहे, ताई."

"मग त्यात बघून सांगा, मी आता काय करणार आहे."

तो काही म्हणायच्या आत तिने फोन बंद केला. बाबा खो खो हसले. आई मात्र हसली नाही. ती म्हणाली, "अगं, पर त्याला तुझी जन्मवेळ कळली कुटून?"

तो प्रश्न मला सुचायला हवा होता, आईला सुचला.

उत्तर मावशीकडून आलं. तिच्या महिलांच्या ग्रुपवर कुणीतरी एक लांबलचक यादी टाकली होती, नाशिक जिल्ह्यातल्या मुलामुलींची. कंपनीतून चोरीला गेलेली सगळी माहिती कुणीतरी नीट रकाने पाडून फिरवत होतं. प्रत्येक नावापुढे माझ्यासारख्या कुणाचा तरी नंबर, आणि सगळ्यात शेवटी समुपदेशक बाईंचा 'शेरा'. ताईच्या नावापुढे लिहिलं होतं, 'ठरलेलं लग्न मुलीने स्वतः मोडलं. रात्रपाळी करते. स्वभाव स्पष्ट.'

त्याच संध्याकाळी कंपनीचाही संदेश आला. आमच्या प्रणालीत अनधिकृत प्रवेश झाल्याचे आढळले आहे, आपली माहिती आमच्यासाठी अमूल्य आहे, वगैरे. बाबांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "अमूल्य हाय, म्हणूनच फुकट वाटली वाटतं."

ताई आधी 'स्वभाव स्पष्ट' वर हसली.  भांडी आवरताना मात्र हळू आवाजात म्हणाली.

"मी ओझरच्यांना रविवारी सांगणार होते. मी स्वतः. आता त्यांनी हे वाचलं असेल, तर मी काहीही सांगितलं तरी पकडलं गेल्यावर सांगितल्यासारखं होणार."

तिने ताट पुसून माझ्या हातात दिलं.

"तू कायदा शिकतेस ना? यात काय करता येतं?"

आम्ही तेव्हा करार कायद्यात 'प्रस्ताव आणि स्वीकृती' पर्यंत पोचलो होतो. मी म्हणाले, "विचारून सांगते."

आमच्या कॉलेजात गरजूंना मोफत सल्ला देणारं विधी सहाय्य केंद्र आहे. तिथे बसणाऱ्या मॅडम आम्हाला शिकवतात. इतके दिवस मी त्या खोलीत लोकांसाठी खुर्च्या लावायला जायचे. त्या दिवशी पहिल्यांदा समोरच्या खुर्चीत बसले आणि मॅडमना सगळं सांगितलं.

"आई म्हणते, सगळे मेसेज पुसून टाक आणि नंबरच बदल," मी म्हणाले.

"मग तक्रार कशावर करशील? आईच्या शब्दावर?" मॅडमनी चष्मा वर केला. "काही पुसायचं नाही. यादी, कंपनीचा संदेश, आलेले फोन, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढ. कंपनीच्या संदेशावर तारीख आहे ना? तो त्यांचा कबुलीजबाब समज."

मग त्यांनी एकेक वाट समजावली. मी लिहून घेत होते आणि त्या मध्येच थांबून "कळलं का?" असं विचारत होत्या, कारण मी न कळताही मान हलवते हे त्यांना ठाऊक होतं. पहिलं पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, काय काय गेलं ते विचारायचं आणि उरलेलं पुसून टाकायला सांगायचं. जन्मवेळ सांगून आगाऊ पैसे मागणारा तो माणूस म्हणजे सरळ सायबर पोलिसांचा विषय, त्याची वेगळी तक्रार आजच. माहिती संरक्षणाचा नवा कायदा आहे, पण तो टप्प्याटप्प्याने लागू होतोय, आणि त्यातला दंड सरकारजमा होतो.

"म्हणजे ताईला काहीच नाही?"

"त्या कायद्यातून भरपाई नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली भरपाई मागता येते, पण त्याचे अधिकारी मुंबईला. तुमच्यासाठी जवळची वाट ग्राहक आयोगाची. सेवा घेतली, तिचं शुल्क दिलं, गुप्त ठेवू म्हणाले आणि ठेवलं नाही. सेवेतली त्रुटी, अजून काय असते? वकील लागतोच असं नाही. तू लिही, मी तपासते."

"मी?"

"मग कोण, मी? माझं लग्न झालंय."

निघताना त्यांनी विचारलं, "ताईला हवंय काय पण? भरपाई?"

मी घरी येऊन ताईला तेच विचारलं. ती म्हणाली, "त्यांनी लेखी लिहून द्यावं, की हे मी खासगीत सांगितलं होतं आणि चूक त्यांची. आणि माझं सगळं पुसावं. बाकी तू आणि मॅडम काय मागायचं ते मागा."

आम्ही पत्र पाठवलं. कंपनीचं उत्तर अगदी लवकर आलं. मला केवढा आनंद झाला होता ते उघडताना! त्यात लिहिलं होतं, की आपल्या नावे आमच्याकडे कोणतेही खाते आढळत नाही.

ते खरंच होतं. खातं माझ्या नावावर होतं. कंपनीच्या दप्तरी लग्नाला मी उभी होते आणि फोटो मात्र ताईचा होता. पत्राखाली सही ताईची.  इतकी वर्षं सगळ्या घराचं दार मी माझ्या नंबरावर लावून ठेवलं होतं, आणि नेमकी जिची वस्तू आत होती तिलाच बाहेरून ओळख पटवता येत नव्हती.

मॅडमना फोन केला तर आधी त्या हसल्या. "कायद्याच्या विद्यार्थिनीचं घर आणि ही तऱ्हा? घाबरू नकोस. शुल्क कुणाच्या खात्यातून गेलं?"

"ताईच्या."

"झालं तर. पैसे तिचे, माहिती तिची, सेवा तिच्यासाठी. ग्राहक तीच. तू फक्त प्रतिज्ञापत्र कर, की अर्ज मी तिच्या वतीने भरला. आणि घरातल्या प्रत्येकाला आपापला ओटीपी वाचायला शिकव."

हा फोन झाला शनिवारी. दुसऱ्या दिवशी ओझरची मंडळी यायची होती, आणि त्यांनी यादी वाचली आहे की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. आई म्हणाली, "त्यांनी इचारलं नाय, तर आपन कशाला काढायचं?"  ताईने कारखान्यात घालते तसा साधा पंजाबी ड्रेसच इस्त्री केला.

मुलगा आणि त्याची आई आले. बाबांनी गडबडीत त्यांना पंख्याखालची खुर्ची देऊन पंखाच लावला नाही. मुलाच्या आईने बसल्या बसल्या रस्ता, ऊन आणि नाशिकरोडचा उड्डाणपूल असं सगळं सांगून टाकलं. आई पोह्यांच्या बश्या घेऊन आली. ताईने बशी हातात घेतली, पण खाली बसली नाही.

"काकू, पोहे खायच्या आधी मला एक सांगायचंय. तुमच्याही फोनवर एक यादी आली असेल."

आईच्या हातातला चमचा बशीवर वाजला.

"आली की!" त्या म्हणाल्या. "पण तुझ्या नावापर्यंत मी पोचलेच नाही. आमचंच नाव आधी लागलं, आणि माझं डोकंच फिरलं. हे बघ." त्यांनी पर्समधून फोन काढून आईच्या पुढे धरला. "अहो, तुम्हीच वाचा. काय लिहिलंय माझ्या मुलापुढे?"

आईला चष्म्याशिवाय दिसत नाही. मी वाचलं. 'मुलगा शांत. आई बोलू देत नाही.'

"मी बोलू देत नाही? मी? अहो, येताना रिक्षात सारखी म्हणतेय, बोल रे तिथे गेल्यावर, तोंड उघड."

"आई," मुलगा म्हणाला.

"थांब जरा, मला बोलू दे."

बाबांना ठसका लागला. त्यांना पाणी देण्याच्या निमित्ताने मी तोंड फिरवलं, पण माझेही खांदे हलत होते. मग ताई हसली, मग मुलगा, आणि शेवटी त्याची आई स्वतः. "हसा, हसा. त्या समुपदेशक बाईला मी आपली समजून किती जीव लावून सगळं सांगितलं होतं. पोराला ताक चालत नाही तेही सांगितलं."

हसणं ओसरल्यावर त्यांनी फोन पर्समध्ये परत टाकला आणि पर्सची चेन ओढली.

"तुझं मला वाचायचं नाही, बाई. तू सांग, मी ऐकते."

ताई बसली. तिने सगळं सांगितलं. पत्रिका छापायची वेळ, नोकरीचं ते धरून चालणं, आणि तिने विचारलेला प्रश्न. ती शब्द शोधत नव्हती, आणि कुणाची समजूतही घालत नव्हती. मी तिची एवढी जवळची, पण तिच्या तोंडून ते सलग असं मीही पहिल्यांदा ऐकलं. मुलाच्या आईने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. तो शेरा तेव्हाच खोटा ठरला असं मला वाटलं.

ताईचं सांगून झाल्यावर मुलगा म्हणाला, "तुम्ही एखादा भाग नापास केला, तर वरचे लोक ऐकतात का?"

"ऐकत नाहीत," ताई म्हणाली. "म्हणतात जरासंच जास्त आहे, सोडा. मग मी त्यांच्याकडून तसं लिहून मागते. लिहून द्यायचं म्हटलं की लगेच ऐकतात."

"मग कंपनीकडूनही लिहून घेऊ या," तो म्हणाला.

'घेऊ या' हे सगळ्यांनी ऐकलं. आईने बाबांकडे पाहिलं. मग मीच धीर करून म्हणाले, की एकाच कंपनीमुळे अनेकांचं सारखंच नुकसान झालं असेल तर त्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. माझं वाक्य दोनदा अडखळलं. पण मुलाच्या आईने लगेच विचारलं, "सही कुठे करायची?"

"सही यांची लागेल, काकू. खातं यांच्या नावावर आहे ना?"

त्या मुलाकडे बघायला लागल्या. मुलगा छताकडे.

"नाव माझं आहे," त्या म्हणाल्या. "नंबर पण माझाच. हा फोन उचलत नाही, म्हणून."

मॅडमनी ही हकीकत ऐकून टेबलावर हात आपटला. दोन तक्रारदार, आणि दोघांचंही खातं दुसऱ्याच कुणाच्या नावावर, असं त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं. मग दोन प्रतिज्ञापत्रं झाली, एक माझं आणि एक काकूंचं. तक्रारीचा मसुदा मी लिहिला. मॅडमनी त्यातली माझी 'अत्यंत', 'घोर' आणि 'अक्षम्य' ही विशेषणं खोडली आणि म्हणाल्या, "काय झालं ते लिही. राग त्यांना वाचताना यायला हवा."

त्या कामासाठी दोन्ही घरांची बरीच ये-जा झाली. कधी सही राहिली, कधी आधारची झेरॉक्स. काही झेरॉक्सांना ताई आणि तो एकत्र गेले आणि फारच वेळ लावून परत आले. आई मला विचारायची, "काय ठरलंय का त्यांचं?" मी म्हणायचे, "मला कसं माहीत असणार?" मला खरंच माहीत नव्हतं. या मधल्या काळात ताईने स्वतःचा ईमेल काढला होता आणि तिचे ओटीपी तिच्याच फोनवर यायला लागले होते. बाबाही आता पीएफचे आकडे स्वतः वाचतात, मोठ्याने, सगळ्या आळीला ऐकू जातील असे. तेवढं शिकवायचं राहिलंय.

यादीचं म्हणाल तर कायद्याला ती लोकांच्या फोनमधून परत खेचता आली नाही. मावशीने तिच्या ग्रुपवर ती काढायला लावली, आणखी दोनतीन ठिकाणी सायबर पोलिसांत तक्रार झाल्याचं कळवल्यावर ती आपोआप गेली. बाकी कुठे कुठे असेल, देव जाणे. मात्र चांदवडचे फोन थांबले.

आयोगाच्या तारखेला दोन्ही घरचे आम्ही सगळेच गेलो, बाबा सुट्टी टाकून. कंपनीचे वकील तरुण आणि सभ्य होते. आत जायच्या आधी ते व्हरांड्यातच आमच्याकडे आले आणि म्हणाले, प्रकरण आपसात मिटवू. कंपनी दिलगिरीचं पत्र द्यायला तयार आहे, माहिती पुसल्याचंही लिहून देईल. मी ताईकडे पाहिलं, तिने मान डोलावली. ते पत्र पुढे खरंच मिळालं, सहीशिक्क्यानिशी. भरपाईवर मात्र अजून तारखा चालू आहेत, आणि त्याला कारण त्या दिवशी वकिलांनी वाचून दाखवलेला पुढचा मुद्दा.

"आणि भरपाई म्हणून," ते म्हणाले, "दोन्ही तक्रारदारांना कंपनीच्या विशेष योजनेचं सभासदत्व, एक वर्ष, पूर्ण मोफत. अमर्याद स्थळं."

ताईने ओझरच्या मुलाकडे पाहिलं. तो हसू दाबत होता.

"ते नको," ताई म्हणाली.

"मॅडम, विचार करा. बाजारात त्याची किंमत बरीच आहे. नको का?"

"आमचं जमलंय. आम्ही दोघांनी ठरवलंय."

वकील एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले.  आईने माझा दंड एवढा घट्ट धरला की मी कळवळले.

"अगं, कधी?" आई म्हणाली. "आन आमाला कधी सांगणार व्हतीस?"

"आत्ता सांगितलं ना," ताई म्हणाली, आणि आमचा पुकारा झाला म्हणून फाईल घेऊन आत गेली.